‘अप’ म्हणजे वर, मग ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली कशी?

अबोली

इंग्रजीशी नवी ओळख असते तेव्हा ‘अप’ म्हणजे वर आणि ‘डाऊन’ म्हणजे खाली, एवढं पुरतं. पुढे वाचन वाढलं की हा दोन अक्षरी शब्द भलत्याच ठिकाणी भेटायला लागतो. ‘वेक अप’ म्हणजे जागं होणं, ‘शट अप’ म्हणजे गप्प बसणं, ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं, ‘ब्रेक अप’ म्हणजे फिसकटणं, ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात शोधणं. एकटा ‘मेक अप’ घ्या. चेहरा रंगवणं, भांडण मिटवणं, नसलेली गोष्ट रचून सांगणं, बुडालेला अभ्यास भरून काढणं, एवढं सगळं त्यात बसतं. सर्व्हर ‘अप’ असला तर तो चालू आहे आणि वेळ ‘अप’ असली तर ती संपली. इंग्लंडात रस्ता ‘अप’ आहे म्हणाले तर तो दुरुस्तीसाठी खणून ठेवलाय.

सगळ्यात जास्त अर्थांचा मान काही ‘अप’कडे नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत आली, तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे ४३०हून जास्त अर्थ होते आणि ती एक नोंदच साधारण ६०,००० शब्दांची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागे टाकलं: ६४५ अर्थ. संपादक पीटर गिलिव्हर त्या एका क्रियापदावर नऊ महिने काम करत होते. तरीही मला ‘अप’ जास्त थोर वाटतो. ‘सेट’ आणि ‘रन’ स्वतः काहीतरी करतात. ‘अप’ नुसता शेजारी येऊन उभा राहतो आणि क्रियापदाचा नूर पालटतो.

बहुतेक ठिकाणी शिकवताना सांगतात की याला नियम नाही, याद्या पाठ करा. मला हे अजिबात पटत नाही. याद्या पाठ करून लोकांना इंग्रजीचा धसका बसतो. नीट पाहिलं तर हे अर्थ एकमेकांना धरून चाललेले दिसतात.

मूळ अर्थ दिशा. ढीग वाढला की उंच होतो, म्हणून वर म्हणजे जास्त: ‘स्पीड अप’, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० साली हे फार नेमकं मांडलं, की ‘जास्त म्हणजे वर’ हे रूपक आपल्या बोलण्यात इतकं मुरलेलं असतं की ते रूपक आहे हेच जाणवत नाही. आपणही भाव चढले, उत्साह मावळला असं म्हणतोच. दुसरी वाट अशी: खाली दडलेलं वर आलं की दिसतं. म्हणून ‘शो अप’, ‘टर्न अप’, ‘ब्रिंग अप’, आणि शब्दकोशातलं ‘लुक अप’सुद्धा.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. याची किल्ली ‘फिल अप’मध्ये आहे. भांड्यात पाणी ओतलं की ते वर चढतं आणि काठाला लागलं की काम पूर्ण होतं. इथे ‘वर’ आणि ‘पूर्ण’ हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. मग दिशा गळून पडली आणि पूर्णता तेवढी उरली. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’, ‘टेअर अप’: यात काहीच वर जात नाही, पण सगळ्यांत काम शेवटाला जातं. दिलेल्या वेळेचं मापही असंच भरतं, म्हणून ‘टाइम इज अप’.

मला खरं सांगायचंय ते यापुढे. मराठी बोलणाऱ्याला हा अर्थ नव्यानं शिकायची गरजच नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यातला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही फेकत नाही. ‘टाकणे’चा मूळ अर्थ मागे पडलाय आणि ‘उरवू नकोस, संपव’ एवढंच शिल्लक आहे. ‘ईट’ आणि ‘ईट इट अप’ यांच्यात नेमका हाच फरक आहे.

ताडून पाहायचं तर ‘तासभर’ जोडून बघा. ‘तो तासभर पत्र लिहीत होता’ चालतं. ‘त्यानं तासभर पत्र लिहून टाकलं’ चालत नाही, ‘तासाभरात लिहून टाकलं’ म्हणावं लागतं. इंग्रजीतही शाई तासभर ‘यूज अप’ होत नाही, तासाभरात होते. दोन भाषा, साधनं वेगळी, काम एक.

‘अप’ची अजून कोडी असतील तर इथे टाका, मिळून सोडवू.

---

चौकस

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. व्याकरणाच्या अंगानं थोडी भर घालतो.

‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडी चढून धावत गेला आणि ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्यानं उधारी वाढवून ठेवली. दिसायला वाक्यं जुळी आहेत, पण घडण पूर्ण वेगळी. टेकडीच्या वाक्यात ‘अप’ टेकडीला चिकटलाय, ‘टेकडीवर’सारखा. उधारीच्या वाक्यात तो ‘रॅन’ला चिकटलाय. म्हणून बिलाच्या वाक्यात त्याला उचलून मागे नेता येतं, ‘रॅन अ बिल अप’. टेकडीच्या वाक्यात तसं केलं तर इंग्रजी कानाला ते खटकतं.

आणि सर्वनाम आलं की या दुसऱ्या प्रकारात ते मध्येच बसावं लागतं: ‘लुक इट अप’. ‘लुक अप इट’ कधीच नाही. शिकणाऱ्यांची गफलत नुसत्या अर्थाच्या बाबतीत नाही, इथेही होते.

---

खग्रास

अबोलीताई, ‘टाकणे’ची जोड फार आवडली. व्युत्पत्तीचं सांगतो, कारण हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही.

जुन्या इंग्रजीत ‘उप्प’ आणि ‘उप्पे’ अशी रूपं होती. जर्मन ‘आउफ’ आणि डच ‘ऑप’ ही त्याची भावंडं. आणखी मागे गेलं की आद्य इंडो-युरोपीय (म्हणजे या भाषांची आणि संस्कृतची मानलेली समान पूर्वज भाषा) ‘उपो’ हे मूळ मानतात, त्याचा अर्थ साधारण ‘खालून वर’. त्याच मुळातून संस्कृतातला ‘उप’ हा उपसर्ग आला, म्हणजे आपले उपनगर, उपवास, उपस्थित.

गंमत पुढे आहे. ग्रीक ‘हायपो’ आणि लॅटिन ‘सब’ हेही त्याच मुळाचे, पण त्यांचा अर्थ ‘खाली’! ‘खालून वर’ या प्रवासातलं सुरुवातीचं टोक ग्रीक-लॅटिननं धरलं आणि शेवटचं टोक इंग्रजीनं. याच मुळाचं वाढवलेलं रूप ‘उपेर’. त्यातून ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’, इंग्रजी ‘ओव्हर’ आणि संस्कृत ‘उपरि’. आणि ‘उपरि’पासून प्राकृतातून उतरत आलेला मराठी शब्द कोणता? ‘वर’. म्हणजे ‘अप’चं भाषांतर म्हणून आपण जो शब्द देतो तो त्याचा दूरचा नातलग निघतो.

जर्मनमध्येही ‘आउफएसेन’ म्हणजे संपवून खाणं. तेव्हा पूर्णतेचा हा अर्थ एकट्या इंग्रजीनं काढलेला नाही.

---

अबोली

खग्रास, हे वाचून फार आनंद झाला. ‘हायपो’ आणि ‘अप’ एका घरातले, हे डोक्यातून जाणार नाही.

एक शंका. संस्कृत ‘उप’चा मुख्य अर्थ ‘जवळ’ आहे ना? इंग्रजीतही ‘वॉक अप टु’ म्हणजे कुणाच्या तरी जवळ जाणं, ‘कॅच अप’ म्हणजे गाठणं. हा ‘जवळ’ तिथूनच आला म्हणायचा का?

---

खग्रास

इथे मी हात आखडता घेईन. मूळ एक असलं तरी अर्थ सरळ वारशानंच आला असं म्हणता येत नाही. दोन भाषा हजारो वर्षं वेगळ्या वाटांनी गेल्या, आणि ‘वर’वरून ‘जवळ’ हा अर्थ इंग्रजीत आपल्या आपणही तयार होऊ शकतो. एक स्पष्टीकरण असं देतात की समोरून येणारा माणूस जसजसा जवळ येतो तसतसा डोळ्यांना उंच होत जातो. अमेरिकेत सुझन लिंडनर यांनी १९८१ मध्ये ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच शब्दांवर आख्खा प्रबंध लिहिला. एका टोकाकडे सरकत जाणं आणि ते टोक गाठणं या धाग्यात ‘अप’चे बरेच विखुरलेले अर्थ ओवता येतात, ही त्या वाटेनं जाणाऱ्यांची मांडणी. तुमचं भांड्याचं उदाहरण त्याच्याशी चांगलं जुळतं.

वारसा आणि योगायोग यांची गल्लत केली की व्युत्पत्तीचा खेळ होतो, म्हणून एवढं सावध लिहिलं.

---

निर्झर

खग्रास यांच्या ‘वर’वरून सुचलं. इंग्रजीत ‘अपॉन’ आहे, म्हणजे ‘अप’ अधिक ‘ऑन’. ‘अपॉन अरायव्हल’चं मराठी काय? ‘आल्यावर’. जागा दाखवणाऱ्या शब्दानंच दोन्ही भाषा काळ दाखवतात: एक गोष्ट घडली, तिच्यावर दुसरी. ‘गेल्यावर’, ‘उठल्यावर’, ‘बोलल्यावर’ असं आपण दिवसभर म्हणतो आणि त्यात एक ‘वर’ बसलाय हे लक्षातही येत नाही.

शिवाय ‘वेळेवर’, ‘आजवर’, ‘त्यावरून’, ‘वरचढ’, ‘वर तोंड करून बोलणे’. आपल्या ‘वर’चाही असाच धागा निघेल.

---

वाटसरू

इंग्लंडातला आणखी एक ‘अप’. तिथल्या रेल्वेत लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि लंडनहून निघणारी ‘डाऊन’. मग लंडन नकाशात कुठल्याही बाजूला असो. स्कॉटलंडहून दक्षिणेला उतरणारी गाडीही ‘अप’च! म्हणजे इथे ‘वर’ म्हणजे महत्त्वाच्या ठिकाणाकडे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचंही तसंच. विद्यार्थी तिथे ‘गो अप’ करतात, शिक्षण आटोपून ‘गो डाऊन’ करतात आणि गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं तर ‘सेंट डाऊन’. मान कुठे आहे यावर दिशा ठरते. याउलट ‘अप नॉर्थ’ म्हणताना नकाशा समोर असतो. एकाच माणसाच्या तोंडात हे दोन्ही ‘अप’ असतात आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

---

दीपमाळ

जोडशब्दांतला ‘अप’ही पाहण्यासारखा आहे. ‘अपसेट’चा जुना अर्थ चक्क ‘उभं करणं, रचणं’ असा होता. पुढे त्याचा ‘उलथणं’ झाला आणि मग मन उलथणं. खेळात दुबळ्यानं बलवानाला हरवलं की ‘अपसेट’ म्हणतात. त्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: १९१९ साली अमेरिकेत ‘मॅन ओ वॉर’ हा नावाजलेला घोडा ‘अपसेट’ नावाच्या घोड्याकडून हरला आणि तिथून हा अर्थ रूढ झाला. शर्यत खरी आहे, घोड्याचं नावही खरं आहे, पण खेळातला तो अर्थ त्याआधीच्या वर्तमानपत्रांत सापडतो. एवढी सुरेख गोष्ट चुकीची असावी याचं वाईट वाटतं, पण चुकीची आहे.

‘अपरोर’मध्ये तर ‘रोर’ म्हणजे गर्जना नाहीच. मूळ डच ‘ऑपरूर’, त्यात ‘रूर’ म्हणजे हालचाल, खळबळ. सोळाव्या शतकात तो बायबलच्या भाषांतरांतून इंग्रजीत शिरला, आणि इंग्रजी कानाला त्यात गर्जना ऐकू आली म्हणून आरडाओरडा हा अर्थ चिकटला.

---

चौकस

अवांतर: अणूच्या आतही एक ‘अप’ आहे. १९६४ मध्ये मरी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची, कल्पना मांडली. त्यातल्या दोन क्वार्कांची नावं ‘अप’ आणि ‘डाऊन’. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये दोन डाऊन आणि एक अप. यात वर-खाली काहीच नसतं. आयसोस्पिन नावाच्या एका गणिती राशीची दोन मूल्यं वर-खाली बाण काढून दाखवतात, तिथून ही नावं आली.

---

भाषांतरी

मी अनुवाद करते, त्यामुळे ‘अप’शी रोजची गाठ. अबोलीताईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो अजून पुढे नेता येईल. ‘अप’साठी मराठीत एकटं ‘टाकणे’ पुरत नाही आणि आपली खरी श्रीमंती तिथेच आहे.

‘यूज अप’ला ‘संपवून टाकलं’ बरोबर बसतं. पण ‘ड्राय अप’ला ‘आटून गेलं’, कारण ते कुणी केलं नाही, आपोआप झालं. ‘सेव्ह अप’ला ‘साठवून ठेवलं’, कारण त्याचा पुढे उपयोग व्हायचाय. ‘मेस अप’लाही ‘घोळ करून ठेवला’, कारण तो आता दुसऱ्या कुणालातरी निस्तरायचाय. ‘बीट अप’ला ‘झोडपून काढलं’. आणि ‘एंड अप’ला बहुतेक वेळा ‘होऊन बसलं’, ‘अडकून पडलो’.

इंग्रजीत सगळीकडे एकच ‘अप’. मराठीत मात्र क्रियापद निवडताना ठरवावं लागतं की हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, करणाऱ्याला पश्चात्ताप आहे की सुटल्याची भावना, परिणाम मागे राहणार आहे की नाही. ‘मी त्याला सांगून टाकलं’ म्हणणारा हलका झालेला असतो. ‘मी त्याला सांगून बसलो’ म्हणणारा चरफडत असतो. ‘मी त्याला सांगून ठेवलं’ म्हणणारा पुढची तजवीज करत असतो. या तिघांना एका ‘अप’मध्ये कोंबता येत नाही. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना ‘अप’ दिसला की मी आधी त्या पात्राचं मन बघते, मग क्रियापद घेते.

एक फरकही नोंदवते. नकारात आपली ही जोडी सहसा टिकत नाही. ‘त्यानं शाई संपवून टाकली नाही’ हे कानाला अवघडल्यासारखं लागतं, आपण ‘संपवली नाही’ म्हणून थांबतो. इंग्रजी ‘अप’ मात्र नकारात बिनधास्त राहतो: ‘ही डिडन्ट यूज इट अप’.

---

अबोली

भाषांतरीताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. ‘सांगून टाकलं, बसलो, ठेवलं’ ही तिन्ही वाक्यं शेजारी ठेवल्यावर वेगळं शिकवायला काही उरत नाही. नकाराचा फरकही अगदी खरा.

---

शिकाऊ

सगळे प्रतिसाद वाचले. माझे दोन प्रश्न. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाऊन’ दोन्हींचा अर्थ जळणं, ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ दोन्हींचा अर्थ वेग कमी होणं. मग उलट शब्दांनी अर्थ एकच कसा? आणि फॉर्म ‘फिल इन’, ‘फिल आउट’ की ‘फिल अप’?

---

चौकस

जळण्याच्या जोडीत चित्र वेगळं आहे. इमारत ‘बर्न डाऊन’ होते कारण उभी असलेली वस्तू जळून कोसळते, जमीनदोस्त होते. कागद किंवा वातावरणात शिरलेली उल्का ‘बर्न अप’ होते, म्हणजे काही शिल्लक राहत नाही. कागद ‘बर्न डाऊन’ झाला असं म्हणत नाहीत, कारण तो उभा नव्हताच.

‘स्लो डाऊन’मध्ये वेगाचा आकडा खाली येतो. ‘स्लो अप’ कमी वापरात आहे आणि त्यातला ‘अप’ थांबण्याच्या टोकाकडे नेतो. म्हणजे ‘डाऊन’ आकड्याबद्दल बोलतोय आणि ‘अप’ शेवटाबद्दल. दोघं समोरासमोर उभेच नाहीत, म्हणून भांडण नाही.

फॉर्मसाठी ब्रिटिश ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकन ‘फिल आउट’. ‘फिल अप’ टाकीसाठी ठेवा.

---

निर्झर

मला एक अडलंय. इंग्रजीत ‘ही अप अँड लेफ्ट’ असं म्हणतात. इथे ‘अप’ स्वतःच क्रियापद झालाय. एका कथेत ‘शी अप अँड मॅरिड हिम’ असं वाक्य आलं. ‘तिनं अचानक त्याच्याशी लग्न केलं’ हे बरोबर आहे, पण बेचव वाटतं.

---

भाषांतरी

‘अचानक’नं त्यातला झटका जातो. त्या ‘अप’मध्ये कुणाला न विचारता, मनात आलं तसं करून टाकणं आहे. आपल्याकडे त्यासाठी ‘उठणे’ आहे: ‘तो उठला आणि निघून गेला’. बसलेला होता की उभा याच्याशी त्या ‘उठला’चा संबंध नाही. ‘उठसूट’मध्येही तोच ‘उठ’ आहे. तुमच्या वाक्याला मी ‘ती उठली आणि त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली’ असं लिहीन.

---

निर्झर

‘करून मोकळी झाली’! हेच हवं होतं. तसंच घेते, आभार.